मिर्लाननं बसवलेला आवाज

९ जानेवारी

लहानपणी पहाटे सामुदायिक शेतीच्या ट्रकला हँडल मारायचे, तो आवाज आज अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू आला. खर्र, खर्र, मग एक लांब ढेकर, आणि मग सगळी गल्ली हलवणारी घरघर. हँडल वडील मारायचे, आणि दर खेपेला ट्रकच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. उणे तीस असो, उणे पस्तीस असो, शिव्या पुरेशा झाल्या की ट्रक उठायचाच.

आमची गाडी आज उठली नाही. किल्ली फिरवली, ती 'टक्' म्हणाली आणि गप्प. शिव्या द्याव्यात तर मला वडिलांसारख्या येत नाहीत. छत्तीस वर्षं मी शाळेच्या शेगड्यांत कोळसा घातला. शेगड्यांची तोंडं बाहेर व्हरांड्यात, आत वर्ग. त्यामुळे मला शिव्यांपेक्षा कविता जास्त येतात, आणि त्याही अर्ध्याच. पहिलं कडवं संपेपर्यंत एक शेगडी भरून व्हायची, मग पुढच्या वर्गाशी जावं लागे.

गाडी चालू राहणं जरूर आहे. वीस फेब्रुवारीला राजधानीतले कानांचे डॉक्टर शहरातल्या इस्पितळात बसणार आहेत. माझ्या बायकोचं, बुरुलचाचं, नाव यादीत सातवं. तपासून कानात घालायचं यंत्र देतात. चुकलं तर पुढची यादी शरदात, आणि इथली डॉक्टरीण म्हणाली की तिच्या डाव्या कानात जे थोडं उरलंय ते शरदापर्यंत राहीलच असं नाही. शहर बेचाळीस किलोमीटर, मध्ये घाट. गावात आणखी दोन गाड्या आहेत, पण त्या चालवणारे आमच्या मिर्लानसारखेच रशियात कामाला.

गाडी आमच्या मुलाची, मिर्लानचीच. दोन वर्षांपूर्वी जायच्या आधी आठवडाभर तो तिच्या पोटात शिरून बसला होता. समोर फोनमधलंही वाजवणारा नवा रेडिओ, दारांत चार स्पीकर, डिकीत मेंढीएवढी स्पीकरची पेटी, आणि तिला ताकद देणारा एक लोखंडी डबा. लावलं तेव्हा फडताळातल्या वाट्या वाजल्या. बुरुलचा अंगणात उभी होती. छातीवर हात ठेवून म्हणाली, "हे येतंय मला ऐकू."

निघताना रिवाजाप्रमाणे त्यानं रोटीचा एक घास तोडला. उरलेली रोटी फडताळात वर ठेवली आहे, तो येऊन खाईल. गाडीतल्या तारांबद्दलही तेच सांगून गेला, की बाबा, कुणाला हात लावू देऊ नका, राहिलेलं मी आल्यावर पुरं करीन.

११ जानेवारी

साकीनच्या घोड्यानं गाडी ओढून चालू केली. साकीन आमची शेजारीण, विधवा, घोड्यासकट सगळ्यांना वळण लावणारी. दोर बांधताना विचारत होती की दादा, गाडीला घोडाच लागत असेल तर मधली गाडी कशाला हवी? बुरुलचाला ऐकू आलं नाही, पण साकीनचं तोंड बघून ती हसली. तिला हसताना पाहून बरं वाटलं. हल्ली ती माझ्या ओठांकडे बघत असते, आणि माझ्या ओठांवर तर मिशा.

१७ जानेवारी

शहरात जाऊन आलो. बाजाराच्या टोकाला एका जुन्या मालडब्यात यूसूप नावाच्या दुंगान, म्हणजे चिनी वंशाच्या मुसलमान, माणसाचं दुकान आहे. गाड्यांच्या विजेचं काम करतो. माणूस फार बोलका. रेडिओ बाहेर ओढून त्यानं पाठीमागच्या तारा पाहिल्या आणि म्हाताऱ्याला द्यायचा मान देऊन विचारलं, "कुणी बांधलं हे, अक्साकाल?"

"मुलानं."

"लग्न झालंय त्याचं?"

"नाही."

"तरीच. किल्लीशिवाय गाणी वाजली पाहिजेत असं बिनलग्नाच्यांनाच वाटतं."

मग त्यानं समजावलं. पिवळी तार बॅटरीला कायम जोडलेली असते, तिच्यावर रेडिओ वेळ आणि स्टेशनं लक्षात ठेवतो. लाल तारेत किल्ली फिरवल्यावरच वीज यायची, तिनं तो जागा होतो. मिर्लाननं दोन्ही एकत्र पिळून टाकल्यात. त्यामुळे यंत्राला वाटतं किल्ली कायम फिरवलेलीच आहे. डिकीतला डबाही मग झोपत नाही, आणि दोघे मिळून बॅटरी पितात.

पिवळी म्हणजे आठवण, लाल म्हणजे जाग. माझ्या मुलानं आठवण आणि जाग एकत्र बांधली. असं कुठल्या वर्गात ऐकलं असतं तर मी शेगडी विझू दिली असती.

गाठ सोडायला मी आधी नको म्हणालो. त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं, तो घरी नसताना सोडायचं बरं दिसत नाही. यूसूप म्हणाला की कापत नाही, नुसतं वेगळं करतो, तुमचा मुलगा आला की पुन्हा पिळेल. लाल तार किल्लीला जोडली. गाठीवरची काळी चिकटपट्टी मी खिशात घालून आणली. तिच्यावर मिर्लानच्या अंगठ्याचा ठसा आहे.

२१ जानेवारी

चार दिवस गाडी किल्लीच्या एका फिरवणीत चालू होतेय. आज पारा उणे सत्तावीस, तरी.

जेवताना बुरुलचा म्हणाली, मिर्लानची दाढ दुखतेय. मी वहीवर लिहून विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, आईला कळतं. गेल्या महिन्यात म्हणाली होती की त्यानं खोली बदलली. महिनाअखेरीस त्याचा मला फोन येतो तेव्हा मी मुद्दाम विचारलं, तर खरंच बदललेली. आईच्या काळजाला कान असतात अशा अर्थाची एक कविता चौथीच्या वर्गात होती. तिचंही पहिलंच कडवं येतं मला.

२४ जानेवारी

टक्.

काल दुपारची एक गोष्ट लिहून ठेवतो. जेवणानंतर मी नेहमीसारखा दोन तास आडवा झालो. उठलो तर भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली गाडीची किल्ली हलत होती. खिडकी बंद, दार बंद. बुरुलचा चुलीशी पाठमोरी. मी बराच वेळ त्या किल्लीकडे पाहत राहिलो. वडील म्हणायचे, घरातली वस्तू आपोआप हलली की दूरचा माणूस घराची आठवण काढत असतो. इतका खूश झालो की गाडी मेल्याचं सकाळी फारसं वाईट वाटलं नाही. नंतर वाटलं. सत्तावीस दिवस उरलेत.

२७ जानेवारी

गाडी पुन्हा घोड्यानं ओढून चालू केली, आणि इथं थंडीत सगळेच करतात तेच केलं. संध्याकाळी बॅटरी सोडून घरात आणली, शेगडीपाशी ठेवली. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत तीनदा टेकवावी लागली. पूर्वी नुकतं जन्मलेलं कोकरू असं घरात आणायचो. बुरुलचानं तिच्यावर स्वतःची शाल घातली आणि तिच्याकडे अपराध्यासारखी पाहत बसली. मी म्हटलं, तुझी काय चूक? तिनं ओठ वाचले असावेत, कारण तोंड फिरवलं.

सकाळी जोडली. टक्. आता मला कळेनासं झालंय. रात्रभर ती घरात होती, एकही तार तिला लागलेली नव्हती. मग तिला प्यालं कोण? म्हणजे बॅटरीच म्हातारी झाली. माझ्यासारखी. भरते, पण धरून ठेवत नाही.

३१ जानेवारी

घोडा, दोर, साकीनचे टोमणे, घाट, यूसूप. त्यानं बॅटरीच्या तारेत मध्येच मोजणीचं यंत्र लावलं आणि म्हणाला, आता चहा पिऊ. गाडी झोपायला अर्धा तास घेते, आपण बघत राहिलो तर लाजते. चहा झाल्यावर आकडा पाहिला. मिर्लानच्या डब्याचा फ्यूज काढून पाहिला, परत लावून पाहिला. आकडा तसाच, इवलासा.

"गाडी छान झोपते, अक्साकाल. हिला दिवसा कुणीतरी उठवतंय."

मी विचारलं, कोण?

"ते तुम्ही मला सांगायचं. घरात कोण कोण असतं?"

मी आणि माझी म्हातारी, म्हटलं. तो माझ्याकडे पाहून नुसता हसला आणि बुरुलचासाठी म्हणून मूठभर मनुका दिल्या. दुंगान लोक जरा गूढ बोलतात. तरीही परत येताना घाटात मला भीती वाटली. गाडी उठवणारा कोण असेल? मांजर नसणार. जिनांवर माझा विश्वास नाही, पण घाटात असताना तसं ठाम म्हणवत नाही.

५ फेब्रुवारी

नवी बॅटरी घेतली. फाटकाला कुलूपही घातलं. सुरक्षित वाटतंय.

बुरुलचा आज खुशीत होती. मिर्लान मुकादम झाला म्हणे, हाताखाली सहा माणसं. मी म्हटलं, स्वप्नात पाहिलंस? ती म्हणाली, हो, स्वप्नात.

९ फेब्रुवारी

नवीही मेली.

पुढच्या सीटखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं सापडली, बरीच. गावातली कार्टी कुलूप लावलेल्या फाटकावरून उड्या मारून येत असणार. साकीनला विचारलं तर ती म्हणाली, दादा, दुपारी झोपता ते थोडं कमी करा. म्हणजे राखण करा, असं. पण जेवणानंतर माझे डोळे माझे राहत नाहीत. आज खिडकीपाशी बसून राखण करायची ठरवलं. क्रौंच उडून गेल्यावर मागे उरलेल्या तळ्याची एक कविता आठवायला लागलो, आणि दुसऱ्या कडव्याच्या शोधात झोप लागली. जाग आली तेव्हा बुरुलचाचे बूट शेगडीपाशी वाळत होते. ती बिचारी गाईला पाणी पाजून आली असेल. मी झोपतो आणि ती राबते.

१२ फेब्रुवारी

मेली. आठ दिवस उरले.

१३ फेब्रुवारी

आज दिवसभर काही सुचलं नाही. साकीनचा घोडा लंगडतोय. वीस तारखेला सकाळी टक् झालं तर ओढायलाही कुणी नाही. बुरुलचाला मी काय सांगू? तिच्याशी बोलायचं म्हणजे वहीत लिहायचं, आणि ही गोष्ट लिहायला हात धजत नाही. चहा ओतताना तिनं मला काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, तिनं परत तेच विचारलं. तिसऱ्यांदा मी ओरडलो. ओरडलेलंही तिला ऐकू आलं नाही, फक्त चेहरा दिसला. मला स्वतःची लाज वाटली.

१६ फेब्रुवारी

ठरवून टाकलं. मिर्लानचं सगळं काढायचं. पेटी, डबा, स्पीकर, रेडिओ. बॅटरी पिणारं दुसरं काही त्या गाडीत नाही. त्यानं अर्धवट ठेवलेलं आपण मोडतोय हे मनाला लागतं, पण आईच्या कानांपुढे तोही नाही म्हणणार नाही.

यूसूप एका कामासाठी खिंडीच्या अलीकडच्या गावात येणार होता, निरोप धाडल्यावर इथवर आला. बुरुलचा डिकीसमोर उभी राहिली, हटेना. मी वहीवर लिहिलं : वीस तारीख. तिनं वाचलं आणि म्हणाली,

"मला कान नकोत. पेटी राहू दे."

लिहिलं, कान मिळाले की मिर्लानशी फोनवर बोलशील. म्हणाली, "यंत्र कधी मिळेल कोण जाणे. मिळालं तरी एवढं मोठ्यानं ऐकू येईल का?" तिचं हे म्हणणं मला नीट कळलं नाही. मुलाची वस्तू मोडायचा अपशकुन तिला वाटत असावा. शेवटी मीच तिचा हात धरून बाजूला केलं. यूसूपनं पाना हातात घेतला आणि बराच वेळ काही केलंच नाही. मला म्हणाला, अक्साकाल, एकदा घरात विचारून बघा. मी म्हटलं, विचारलं की आत्ताच. त्यानं मान हलवली आणि कामाला लागला. जाताना आपल्या बॅटरीवरून गाडी चालूही करून दिली.

सगळं आता कोठीत आहे, घोंगडीत गुंडाळून. एक स्पीकर मात्र तिनं उचलून उशाशी ठेवलाय.

२० फेब्रुवारी

पहिल्या फिरवणीत चालू. चार दिवस रोज चालू. चोर पेटीतच होता तर.

घाट मोकळा होता. इस्पितळात सातवा नंबर साडेअकराला आला. कानांवर डबे लावून तिला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाब. मी बाहेरून पाहत होतो. ती बटणावर बोट ठेवून बसली होती, वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलीसारखी. उजवा कान गेला आहे. डाव्याला यंत्र मिळेल. कानाचा साचा घेतला, यंत्र राजधानीत बनून एप्रिलअखेर येईल.

येताना मला गावंसं वाटलं आणि मी गायलो. तिला वाटलं मी काही बोलतोय, सारखी वळून ओठ बघत होती. खुशीत नव्हती. दमली असेल.

२३ फेब्रुवारी

दुपारी झोप येईना. खिडकीतून दिसलं की बुरुलचा गाडीत बसली आहे. मिर्लाननं तिकडून तिच्यासाठी पाठवलेला मोठा फोन कानाला लावला, मग गालाला, मग काचेवर टेकवून पाहिला, मग कपाळाला. मग तो मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. त्या फोनवर ती मिर्लानचा फोटो बघते, दुसरं काही तिला त्यातलं येत नाही. वाऱ्यापासून आडोसा म्हणून गाडीत बसली असावी. पण आडोशाला घर आहे की. जाऊन विचारावं असं वाटलं. मग वाटलं, काय विचारणार, आणि कसं? तिथेच उभा राहिलो. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली आणि ती दिसेनाशी झाली.

चार दिवस धड जेवलेली नाही. मिर्लानबद्दलही काही बोलली नाही. दाढेचं काय झालं विचारलं तर म्हणाली, मला काय माहीत.

२४ फेब्रुवारी

महिना संपायला अवकाश असताना मिर्लानचा फोन आला, माझ्या साध्या फोनवर. आवाज ओढलेला. म्हणाला, "बाबा, आठ दिवस झाले, आई तिच्या फोनवरचे माझे आवाजातले निरोप ऐकत नाही. खूण निळी होत नाही."

मी म्हटलं, "बाळा, ती आठ दिवस नाही, दोन वर्षं झाली ऐकत नाही. तुला माहीत आहे ते."

तो म्हणाला, तिला फोन द्या, नुसता श्वास ऐकतो तिचा. ती गोठ्यात होती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, बोलवा. मी म्हटलं, बोलावलं तर ऐकू कसं जाईल, आणि माझ्यानं या बर्फात तिथवर जाववत नाही. कशी आहे ती, खरं सांगा, असं तीनदा विचारलं.

त्याला घाबरवायचं नव्हतं, आणि ती सुकत चालली आहे हेही लपवायचं नव्हतं. म्हणून तोलून मापून बोललो. आईला जरा बरं नाही. काळजी करण्यासारखं काही नाही. लगेच धावत यायची गरज नाही, पण सुट्टी मिळाली तर येऊन जा, तिला बरं वाटेल. एवढी मऊ वाक्यं इतक्या सहज आली याचं मलाच नवल वाटलं. मागे नऊ वर्षांपूर्वी साकीनचा नवरा वारला, तेव्हा तिच्या परगावच्या मुलांना फोन करायचं काम गावानं मलाच दिलं होतं. लांबच्या माणसाला फोनवर मरण सांगायचं नाही, ते उंबऱ्यावर आल्यावरच सांगायचं, ही आपली रीत. तेव्हाही वाक्यं अशीच तोंडात आली होती. काही वाक्यं एकदा पाठ झाली की विसरत नाहीत, कवितांचंही तसंच.

मग फोन बंद झाला. तिकडे थंडीत नेटवर्क जातं.

२८ फेब्रुवारी

दुपारी फाटकाशी बर्फ काढत होतो. शहरातली टॅक्सी आली, ही टॅक्सी सहसा घाट ओलांडत नाही. कुलूप काढून फाटक उघडलं, कुणी पाहुणा रस्ता चुकला असेल म्हणून. माणूस उतरला, टोपी डोळ्यांवर, दाढी वाढलेली. उतरल्या उतरल्या त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले, वाकला, आणि मयताच्या घरी येणारा पुरुष आमच्याकडे फोडतो तसा हंबरडा फोडत अंगणातून चालत सुटला. माझे आई, तुझं तोंड बघायचं राहिलं गं, तुझा आवाज ऐकायचा राहिला गं.

मी फावडं धरून उभा. आधी वाटलं, गावात कुणाकडे झालंय आणि हा चुकून आमच्याकडे शिरलाय. मग चाल ओळखली. माझी चार दिवसांपूर्वीची वाक्यं मला एकामागून एक ऐकू यायला लागली. मिर्लान म्हणून हाक मारली ती त्याच्या रडण्यात बुडाली. पलीकडे साकीन दारात आली. कुणी रडत आलं की उत्तर द्यायचं असतं, म्हणून कोण, कशासाठी न विचारता तिनंही मोठ्यानं गळा काढला. टॅक्सीवाल्यानं टोपी काढली. मिर्लान आमच्या पायरीपर्यंत पोचला आणि दाराच्या चौकटीला कपाळ लावून हुंदके देऊ लागला.

दार आतून उघडलं. बुरुलचा राखेची बादली घेऊन बाहेर येत होती. तिनं समोरच्या मुलाकडे पाहिलं, कुंपणापलीकडे रडणाऱ्या साकीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बादली खाली ठेवली, घाईघाईनं डोक्यावरचा रुमाल नीट केला, मिर्लानच्या गालाला राखेचा हात लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं,

"कोण गेलं रे?"